हाताने घडवलेली कापडी बाहुली: कामाचा क्रम आणि नेमके कुठे चुकते

मान डुगडुगायला लागली की बहुतेक जण मानेभोवती आणखी टाके घालतात. डोळे वाकडे दिसले की त्यावर पुन्हा रंग चढवतात. फ्रॉक डोक्यातून जाईना की गळा कापून मोठा करतात. तिन्ही उपाय सहसा वाया जातात, कारण दोष दिसतो एका ठिकाणी आणि झालेला असतो दुसऱ्याच ठिकाणी. मान बिघडते ती भरण भरताना, चेहरा पिळतो तो कापड कापताना, आणि फ्रॉक अडतो तो केस लावण्याआधी माप घेतल्यामुळे.

पुढचा क्रम साधारण ४० सेंमी उंचीच्या बाहुलीसाठी आहे: कापडी अंग, रंगवलेला चेहरा, लोकरीचे केस, काढता-घालता येणारे कपडे, बूट आणि एक-दोन छोट्या वस्तू. मापे लहान-मोठी करता येतील, क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: बाहुली कोणासाठी, हे आधी ठरवा

हा निर्णय शेवटी घेऊन चालत नाही, कारण सांधे, डोळे, मानेतली दांडी, बटणे सगळे त्यावर अवलंबून आहे.

३ वर्षांखालच्या मुलासाठी बाहुली असेल तर बटण, मणी, टिचबटण, तार, लोहचुंबक यांपैकी काहीही नको. डोळे रंगवलेले किंवा भरतकामाचे, हात-पाय शिवणीतच पक्के, आणि मानेत लाकडी दांडी नाही. खेळण्यांच्या तपासणीत लहान तुकडा ओळखायला ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू मूल गिळू शकते असे धरले जाते. पुठ्ठ्याची तशी नळी करून कामाच्या टेबलावर ठेवा, डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ती भरवशाची. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठीही सुटे लोहचुंबक टाळा. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटल्या जातात.

शेल्फवर ठेवायची किंवा मोठ्यांनी जमवायची बाहुली असेल तर खालचे सगळे प्रकार वापरता येतील.

## टप्पा २: कापड निवडणे आणि तयार करणे

अंगासाठी दाट विणीचे, मध्यम जाडीचे, पूर्ण सुती कापड घ्या. चांगला मांजरपाट चालतो. उजेडासमोर धरल्यावर विणीतून ठिपके-ठिपके उजेड दिसला तर ते कापड ठेवून द्या, भरण दाबून भरल्यावर शिवणीजवळ धागे सरकतील. ताणले जाणारे होजियरी कापड वेगळ्या पद्धतीच्या बाहुल्यांसाठी असते. ते इथे वापरले तर हात-पाय फुगून साच्यापेक्षा जाड होतात.

कापड कापण्याआधी कोमट पाण्यात धुवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. नवे सुती कापड धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटू शकते. शिवाय त्यातली खळ निघाली नाही तर चेहऱ्याचा रंग कापडात मुरत नाही, वर बसून राहतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

त्वचेचा रंग स्वतः चढवणार असाल तर पूर्ण बाहुलीला लागणारे कापड आणि वर एक-पंचमांश जादा कापड एकाच वेळी रंगवा. दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि हात एका छटेचा, चेहरा दुसऱ्या छटेचा झाला की तो फरक कशानेही लपत नाही.

आता धाग्याची दिशा. कापडाच्या किनारीला समांतर जातो तो उभा धागा, किनारीपासून किनारीपर्यंत जातो तो आडवा. उभा धागा जवळजवळ ताणत नाही, आडवा थोडा ताणतो, आणि उरेब म्हणजे तिरप्या दिशेने कापड सर्वांत जास्त ताणते. हात, पाय, धड आणि डोके या सगळ्या भागांची लांबी उभ्या धाग्यावर ठेवा. मग भरण भरल्यावर ताण रुंदीत जातो, अंग गोल होते, लांबी बदलत नाही. एक पाय उभ्या धाग्यावर आणि दुसरा आडव्यावर कापला तर दोन्ही पाय साच्याला बरोबर असूनही भरल्यावर लांबीत फरक पडतो. डोक्याचा तुकडा जरा तिरका कापला गेला तर एक गाल ओढला जातो, आणि त्या गालाकडचा डोळा खाली उतरतो.

तपासा: साच्यावर उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा बाण काढलेला असावा. कातरण्यापूर्वी त्याची दोन्ही टोके किनारीपासून फुटपट्टीने मोजा. दोन्ही अंतरे सारखी हवीत.

## टप्पा ३: साचा, टीप आणि मग कात्री

साचे पुठ्ठ्याचे करा आणि त्यांत मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचे जादा कापड, धरू नका. कापड सुलट बाजू आत ठेवून दुहेरी घडीत घाला, साचा ठेवून कडेने बारीक रेघ काढा, त्या रेघेवरच टीप मारा आणि नंतर कापा. आधी कापून मग शिवायची सवय कपड्यांसाठी ठीक आहे. बाहुलीच्या बोटांजवळ, हनुवटीजवळ ती चुकते, कारण २ मिमी इकडे-तिकडे झाले तरी आकार बदलतो.

- मशीनची सुई ७० किंवा ८० नंबरची, नवी.
- टाक्याची लांबी १.५ मिमी. नेहमीची २.५ मिमी टीप भरण दाबल्यावर उसवते किंवा तिच्यातून भरण बाहेर दिसते.
- दोरा पॉलिएस्टरचा, त्वचेच्या रंगाचा किंवा एक छटा गडद.
- मार्जिन ५ मिमी, बोटांजवळ ३ मिमी, भरणाच्या तोंडाशी १० मिमी.

भरणाचे तोंड नेहमी सरळ भागावर ठेवा, वळणावर कधीच नाही. वळणावरचे तोंड हाताने शिवून बंद केले की तिथे कायमचा टेंगूळ राहतो. तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे करून पक्की करा. तोंडाशी मार्जिन जास्त ठेवायचे कारण असे की बंद करताना ते आपोआप आत वळते.

दोन बोटांच्या मधे टीप टोकदार वळवू नका. खाली आल्यावर एक-दोन टाके आडवे घ्या आणि मग वर जा. त्या आडव्या टाक्यांमुळे मधे कात्री चालवायला जागा मिळते. पहिल्यांदाच करत असाल तर सुटी बोटे टाळा: हात अंगठा आणि पंजा असा शिवा, हलके भरण घाला आणि वरून टाके घेऊन बोटांच्या रेषा पाडा. लांबून फरक कळत नाही.

कापून झाल्यावर आतल्या वळणांना, म्हणजे मान, कोपराची आतली बाजू, घोटा इथे टीपेपासून १ मिमी अंतरापर्यंत सरळ चिरा द्या. बाहेरच्या वळणांना, म्हणजे डोक्याचा माथा, टाच इथे त्रिकोणी खाचा काढा. दोन्हीचे काम उलटे आहे. आतल्या वळणाला कापड पसरायला जागा हवी असते, बाहेरच्या वळणाला जादा कापड काढून टाकायचे असते. चिरा अपुऱ्या असतील तर उलटवल्यावर मानेशी सुरकुत्या पडतात, आणि त्या कितीही भरण दाबले तरी जात नाहीत.

तपासा: उलटवण्याआधी प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. मधे दोऱ्याचे टाके दातांसारखे दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी आहे. आत्ताच दुसरी टीप मारा.

## टप्पा ४: उलटवणे

पेन्सिलच्या टोकाने किंवा कात्रीने ढकलून उलटवू नका, बोटाचे टोक फाटते ते इथेच. एक पोकळ नळी बोटाच्या आत घाला, बाहेरून गोल टोकाची काडी नळीच्या तोंडावर टेकवा आणि कापड काडीवर सरकवत नळीत ढकला. बारीक बोटांसाठी आर्टरी फोरसेप (डॉक्टर वापरतात तो बारीक टोकाचा चिमटा) उपयोगी, पण टोक चिमटीत धरून जोराने ओढू नका. सगळे भाग उलटवले की काडी शिवणीच्या आतून फिरवून शिवण बाहेर काढा आणि इस्त्री करा. भरण भरल्यावर ही इस्त्री करता येत नाही.

## टप्पा ५: भरण

बाहुलीचा निम्मा दर्जा इथे ठरतो, आणि घाईही इथेच होते.

पॉलिएस्टर फायबर वापरा. कापूस ओलावा धरतो आणि काही काळाने गोळे होऊन बसतो. फायबर पिशवीतून काढून तसाच कोंबू नका, हाताने पिंजून मोकळा करा. ४० सेंमी बाहुलीला घट्ट भरणासाठी साधारण १५० ते २०० ग्रॅम लागते. सुरुवातीलाच दोन्ही हातांसाठी आणि दोन्ही पायांसाठी वजन करून सारखे ढीग लावा. नुसत्या अंदाजाने भरले तर दुसरा पाय पहिल्यापेक्षा हमखास जाड होतो, कारण तोवर हात सरावलेला असतो.

बोटे, पावले: वाटाण्याएवढे पुंजके, एका वेळी एक. आधीचा पुंजका जागेवर बसल्याशिवाय पुढचा नाही.

हात-पाय: मध्यम पुंजके. आधी कडेने, शिवणीला लागून भरा, मग मधे ढकला. मधे आधी भरले तर कडेला पोकळी राहते आणि बाहेरून खळगा दिसतो. पुंजका हातात गोळी करून आत घातला की त्याची गाठ तशीच राहते. पुंजक्याची शेपटी मोकळी ठेवा, म्हणजे पुढचा पुंजका त्यात गुंततो.

डोके: इथे पद्धत उलटी. शक्य तितका मोठा, मोकळा पुंजका घ्या आणि तो आत उघडू द्या. चेहऱ्याच्या बाजूला एकच सलग थर हवा, कारण लहान पुंजक्यांचे सांधे रंगाखालूनही उठून दिसतात. पुढचे सगळे भरण त्या थराच्या मागे घालत तो थर कापडाकडे दाबत जा. डोके भरायला धडाच्या निम्म्याहून जास्त फायबर लागले तर दचकू नका, ते तसेच लागते.

तपासा: गालावर अंगठा जोराने दाबा. खळगा लगेच भरून यायला हवा. अंगठ्याचा ठसा राहिला तर अजून भरा.

भरल्या-भरल्या तोंड शिवू नका. घट्ट भरलेले कापड काही तासांत थोडे ताणते आणि आदल्या दिवशी टणक वाटलेले डोके दुसऱ्या दिवशी मऊ लागते. सगळे भाग रात्रभर तसेच ठेवा, सकाळी कमी पडलेले भरण घाला, मग शिडीच्या टाक्याने, म्हणजे दोन्ही कडांच्या घडीतून आलटून-पालटून घेतलेल्या लपत्या टाक्याने, तोंड बंद करा. डोक्याचे तळाचे तोंड मात्र उघडेच ठेवा, मान तिथून आत जायची आहे.

### मानेतली दांडी

मान डुगडुगते कारण हाताळताना मानेतले भरण हळूहळू खांद्यात उतरते आणि मान रिकामी होते. बाहेरून घातलेले टाके ती पोकळी भरत नाहीत. शेल्फवरच्या बाहुलीसाठी ८ मिमी जाडीची, सुमारे १२ सेंमी लांबीची गोल लाकडी दांडी घ्या. टोके पॉलिश पेपरने गोल करा आणि त्यावर फायबरचा पातळ थर गुंडाळून दोरा फिरवा. नुसती गुळगुळीत दांडी भरणात फिरते.

धड छातीपर्यंत भरा, दांडी ७ सेंमी आत जाईल अशी मधोमध उभी धरा, आणि तिच्याभोवती चारही बाजूंनी आलटून-पालटून भरण दाबा. एकाच बाजूने भरत गेलात तर दांडी कलते आणि बाहुली कायमची मान वाकडी करून बसते. खांदे भरा, मग मान. मानेत आता आणखी एकही पुंजका जाणार नाही असे वाटले की अजून दोन घाला.

मुलांच्या बाहुलीत दांडी नसल्याने साचाच बदलावा लागतो: मान आखूड आणि जाड, भरल्यावर घेर किमान ११ सेंमी.

## टप्पा ६: चेहरा

डोके धडाला जोडण्याआधी चेहरा पूर्ण करा. सुटे डोके हातात फिरवता येते, आणि चेहरा फसला तर एक डोके जाते, पूर्ण बाहुली नाही. साचे कापताना दोन डोकी शिवून ठेवणारे कारागीर शहाणे.

### आखणी

चेहरा आधी कागदावर, खऱ्या मापात काढा. डोक्याची उंची ८ सेंमी असेल आणि चेहरा लहान मुलाचा हवा असेल तर डोळ्यांची रेषा हनुवटीपासून साधारण ३.५ सेंमीवर, नाकाचे टोक २ सेंमीवर, ओठांची मधली रेघ १.२ सेंमीवर. डोळ्यांची रेषा बरोबर मध्यावर नेली की तोच चेहरा मोठ्या माणसाचा होतो. दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढे किंवा किंचित जास्त अंतर ठेवा. जवळजवळ सगळे नवशिके डोळे कपाळावर चढवतात, कारण केस नसलेल्या डोक्यावर कपाळ अवाढव्य वाटते. केस लागल्यावर ते झाकले जाते.

खुणा पाण्याने जाणाऱ्या पेन्सिलने, अगदी हलक्या.

सावधान: उष्णतेने पुसला जाणारा पेन चेहऱ्यावर नको. त्याची रेघ इस्त्रीने जाते, कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. उलट पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते. कोणता पेन कशाने जातो हे त्याच कापडाच्या तुकड्यावर पाहून घ्या.

### सुईने आकार देणे

नाक, डोळ्यांचे कोपरे आणि ओठांची टोके दोऱ्याने ओढून उठाव देता येतो. हे काम रंगाच्या आधी. ८ ते १० सेंमीची लांब सुई आणि पक्का दोरा घ्या, गाठ डोक्याच्या मागे, केसांखाली जाईल अशी. मागून सुई घालून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात काढा, विणीच्या एक-दोन धाग्यांएवढ्या अंतरावर परत आत घाला, मागे नेऊन हळूच ओढा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवण्यासाठी एक टाका डावीकडे, एक उजवीकडे असे चला. एक बाजू संपवून दुसरी घेतली तर ताण जुळत नाही. भरण मऊ असेल तर ओढल्यावर कोपऱ्याभोवती किरणांसारख्या सुरकुत्या पडतात. तसे झाले तर थांबा, तळाच्या तोंडातून आणखी भरा.

### रंग

ॲक्रिलिक रंगात कापडासाठीचे मिडियम मिसळा. ते नसेल तर रंग सुकल्यावर कडक होतो आणि तडकतो. बारीक रेघांसाठी ०.१ आणि ०.३ मिमीचे, पाण्याने न पसरणारे पिगमेंट पेन. रेघ कापडाच्या धाग्यावरून पसरत असेल तर त्या जागी आधी पातळ मॅट मिडियमचा (चकाकी नसलेल्या पारदर्शक लेपाचा) एक हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. गालांचा रंग मात्र त्याआधी, कोऱ्या कापडावर: कोरड्या ब्रशने खडूची भुकटी, अगदी थोडी, गोल फिरवत.

डोळ्याचा क्रम असा:

1. पांढरा भाग. शुद्ध पांढरा नको, त्यात त्वचेच्या रंगाचा थेंब मिसळा.
2. बुबुळ. त्याचा वरचा थोडा भाग पापणीखाली गेलेला हवा. पूर्ण गोल दिसणारे बुबुळ म्हणजे घाबरलेला चेहरा.
3. बुबुळाचा वरचा भाग गडद, खालचा एका बाजूला फिका.
4. बुबुळाच्या मधली डोळ्याची बाहुली, काळी.
5. पांढऱ्या भागावर, वरच्या पापणीखाली पातळ करडी सावली. ही वगळली तर डोळा चिकटवल्यासारखा दिसतो.
6. वरच्या पापणीची रेघ, मग पापण्यांचे केस.
7. शेवटी उजेडाचा ठिपका.

ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. डाव्या डोळ्यात डावीकडे असेल तर उजव्यातही डावीकडे. आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन ठिपके उलटसुलट दिले की डोळे तिरळे वाटतात. मग लोक बुबुळे पुन्हा पुन्हा रंगवत बसतात, आणि चूक असते त्या एका ठिपक्यात.

दोन्ही डोळे बरोबरीने पुढे न्या. एक पूर्ण करून दुसरा घेऊ नका.

तपासा: डोके आरशासमोर धरा, मग २ मीटर अंतरावरून पाहा. वाकडेपणा हातात धरून दिसत नाही, उलट्या प्रतिमेत लगेच दिसतो.

रंग २४ तास सुकू द्या. तो पक्का करायला गरम इस्त्री थेट चेहऱ्यावर टेकवू नका, आतला पॉलिएस्टर फायबर आखडतो. हेअर ड्रायर अंतरावरून फिरवणे पुरते.

## टप्पा ७: डोके, हात आणि पाय जोडणे

डोक्याच्या तळाच्या तोंडातून पेन्सिल घालून भरणात मधोमध भोक पाडा. दांडीचे टोक त्यात बसवा आणि डोके मानेवर दाबत न्या, मान किमान २.५ सेंमी आत जाईपर्यंत. डोक्याची कड आत दुमडून चार ठिकाणी टाचण्या लावा: हनुवटीखाली, मागे आणि दोन्ही कानांखाली. समोरून, बाजूने आणि वरून पाहून झाल्यावरच शिवा. शिडीच्या टाक्याने दोन फेरे, दुसरा फेरा पहिल्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत.

तपासा: कमरेत धरून बाहुली आडवी करा. डोके लोंबले तर टाके उसवून मानेत भरण घाला. वरून टाके वाढवू नका.

पाय धडाच्या तळाला पाठटाक्याने (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जाणारा) शिवले की बाहुली बसू शकते. हात बटणाच्या सांध्याने: १२ सेंमी सुई, मेण लावलेला दुहेरी दोरा, चार भोकांची दोन बटणे. दोन्ही हात एकाच दोऱ्याने, धडातून आरपार जोडा. एका हातातून बाहेर, बटण, परत, धडातून दुसऱ्या हातात, बटण, परत, असे चार फेरे. ओढून गाठ हात आणि धडाच्या मधे लपवा. भोकांची जागा खांद्याच्या शिवणीपासून २ सेंमी खाली, दोन्हीकडे मोजून. नुसत्या नजरेने लावलेले हात वर-खाली होतात. खांदा मऊ असेल तर दोरा आत खचतो आणि काही दिवसांत हात लुळे पडतात.

## टप्पा ८: केस

केस कपड्यांच्या आधी. लोकरीच्या केसांनी डोक्याचा घेर दीड-दोन सेंमी सहज वाढतो.

टाळूवर आधी केसांच्याच रंगाचा पातळ हात द्या, म्हणजे फटीतून त्वचा दिसत नाही. १५ सेंमी रुंद पुठ्ठ्यावर लोकर शेजारी-शेजारी गुंडाळा, पातळ कागदाच्या पट्टीवर सरकवून घ्या आणि १.५ मिमी टाक्याने दोनदा टीप मारा. कागद फाडून काढा. झालर तयार. झालरीची पहिली रांग मानेच्या वर, पुढची प्रत्येक रांग दीड सेंमी वर. सर्वांत शेवटी भांगाची झालर, तिची टीप मधोमध असते. पाठटाक्याने, जुळत्या रंगाच्या दोऱ्याने शिवा. लोकर गुंडाळताना ओढू नका. ताणलेली लोकर सुटल्यावर आखडते आणि केस टोकांना वर वळतात.

गरम गोंदाची बंदूक स्टुडिओत असायला हरकत नाही, फक्त बाहुलीपासून लांब. गोंदाने लावलेला केस सुटतो तेव्हा कापडाचा थर घेऊन सुटतो.

## टप्पा ९: कपडे

४० सेंमी बाहुली म्हणजे १६० सेंमी माणसाचा चौथा भाग. छाप, बटण, लेस निवडताना खऱ्या मापाला ४ ने भागा. शर्टाचे १२ मिमी बटण इथे ३ मिमी होते, २ सेंमीचे फूल ५ मिमी. मात्र कापडाची जाडी चौथा भाग होत नाही. त्यामुळे घोळदार कपडे फुगतात, आणि सैलपणा प्रमाणात कमी केला तर घट्ट होतात. छातीच्या घेरात १ ते १.५ सेंमी सैलपणा ठेवा. कापड शक्य तितके पातळ आणि दाट विणीचे. चुण्यांसाठी पातळ कापड दुप्पट, जाड असेल तर दीडपट, आणि चुण्यांचे धावदोरे दोन, ४ मिमी टाक्याचे. एकाच दोऱ्याच्या चुण्या एका बाजूला झुकतात.

गडद लाल, निळे, काळे कापड आधी धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहा. फडक्यावर रंग आला तर ते कापड बाहुलीला नको. तो डाग त्वचेवरून निघत नाही.

माप केसांसह आणि पूर्ण भरलेल्या अंगावर घ्या. बाहीसाठी मनगट मोजू नका, पंजा अंगठ्यासह जिथे सर्वांत रुंद आहे तो घेर मोजा आणि १ सेंमी वाढवा. बाहुली हात आक्रसत नाही.

शिवणीचा क्रम: खांदे, गळा अस्तरासह, बाहीची खालची दुमड, बाही मुंढ्याला सपाट असतानाच, आणि शेवटी बाहीपासून कमरेपर्यंत एकच बाजूची टीप. बाजू आधी शिवून मग एवढ्याशा गोल मुंढ्यात बाही बसवायला गेलात तर मशीनचा पायच आत जात नाही. पाठ पूर्ण उघडी ठेवा, १ सेंमी एकावर एक येईल अशी, आणि ५-६ मिमीची टिचबटणे लावा. प्रत्येक टीपेनंतर इस्त्री. सगळे शिवून झाल्यावर आत इस्त्री पोचत नाही.

## टप्पा १०: बूट आणि लहानसहान वस्तू

बुटाचा साचा पुस्तकातून उतरवण्यापेक्षा पावलावरून काढा, कारण दोन बाहुल्यांची पावले सारखी नसतात. मोजा घातलेल्या पावलाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा, बुटाची कड, मागची शिवण आणि तळव्याची रेघ पेनाने काढा. रेघांवर कापून काढा, सपाट होईना तिथे चिरा द्या. हाच साचा. एका पावलाचा साचा उलटून दुसऱ्यासाठी वापरा, डावा-उजवा लिहायला विसरू नका.

वरच्या भागासाठी १ मिमीपर्यंतचे चामडे किंवा दाट फेल्ट, आतल्या तळासाठी १ मिमी पुठ्ठा. वरच्या भागाची मागची शिवण आधी, मग त्याची कड पुठ्ठ्याच्या तळाखाली वळवून चिकटवा: पुढचे टोक, टाच, मग बाजू. बाजू आधी ओढल्या तर पुढे चोच निघते. संपर्क गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला जेमतेम चिकटेपर्यंत, साधारण १० मिनिटे थांबा आणि मगच दाबा. ओला असताना दाबला तर सरकतो. खिडकी उघडी ठेवा.

चष्म्यासाठी ०.८ मिमी पितळी तार. १५ मिमी गोल दांडीवर दोन वेटोळी, मधे नाकाचा पूल, दोन्ही काड्या ५ सेंमी. टोके आत वळवा, नाहीतर दर वेळी केसांत अडकतील. पॉलिमर क्लेच्या (भाजल्यावर कडक होणाऱ्या कृत्रिम मातीच्या) वस्तू सुट्या भाजायच्या, तापमान पाकिटावरचेच. बाहुलीच्या अंगावर ठेवून भाजू नका.

## टप्पा ११: बाहुली हातावेगळी करण्यापूर्वी

मोजून घेतलेल्या टाचण्या मोजून परत डबीत गेल्या पाहिजेत. एक कमी असेल तर ती बाहुलीत आहे असे धरा आणि लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवा. काम चालू असताना सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे चिकटपट्टीने कागदावर लावून सुई पूर्ण जुळते का पाहा. एक तुकडाही मिळाला नाही तर तो भाग उसवावा लागतो, आणि मुलासाठीची बाहुली असेल तर यात सवलत नाही.

प्रत्येक शिवलेली वस्तू ओढून पाहा. युरोपीय मानक ईएन ७१ मध्ये ६ मिमीपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटन ओढ देतात, म्हणजे सुमारे ९ किलोचे वजन. लटकवायच्या साध्या काट्याने हे घरीही मोजता येते. ओढ १० सेकंद धरून ठेवा आणि मग टाके भिंगाखाली पाहा. एखादा टाका सैल झाला असेल तर जुना दोरा पूर्ण काढून नव्याने शिवा, त्यावरच गाठ मारू नका.

राहिलेले त्वचेचे कापड, केसांची थोडी लोकर आणि चेहऱ्याच्या रंगाचे मिश्रण लहान पाकिटात, बाहुलीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवा. दुरुस्तीला आलेल्या बाहुलीची तीच छटा नव्याने जुळवण्यात पूर्ण दिवस जातो.